आरोग्याच्या कामासाठी निधी उभा करताना: पहिल्या बैठकीपासून शेवटच्या हिशेबापर्यंत

एखाद्या आरोग्यसंस्थेसाठी निधी जमवायचे ठरले की पहिल्याच बैठकीत चर्चा कार्यक्रमाची सुरू होते. गाण्याची संध्याकाळ ठेवू, दौड ठेवू, पाहुणे म्हणून अमक्यांना बोलावू. दोन तास निघून जातात आणि पैसे कोण, कोणाकडे, कशासाठी मागणार हा विषय निघतच नाही. अशा बऱ्याच बैठकांना मी बसलो आहे. सभागृह गच्च भरावे, कार्यक्रमाची वाहवा व्हावी आणि खर्च वजा जाता संस्थेच्या हाती जेमतेम काही पडावे, हे पाहताना जीव तुटतो. त्या पैशांची वाट पाहणारा कुणीतरी रुग्ण असतो.

माणूस देणगी देतो ती बहुधा ओळखीच्या कुणीतरी आपणहून मागितली म्हणून. कार्यक्रम हे त्या मागण्याला मिळालेले निमित्त असते. हे डोक्यात पक्के असले की पुढचे निर्णय सोपे जातात, म्हणून या लेखात मंच आणि सजावटीपेक्षा मागणे, मोजणे आणि कळवणे यांवरच जास्त लिहिले आहे.

पहिली पायरी: संस्थेशी बोला

कुठल्याही गटात एक शब्दही टाकण्यापूर्वी ज्या संस्थेला पैसे द्यायचे आहेत तिच्याशी बोला. संस्था नोंदणीकृत आहे का, मागच्या दोन-तीन वर्षांचे तपासलेले हिशेब पाहायला मिळतील का, तिचे नाव आणि बोधचिन्ह वापरायची लेखी परवानगी मिळेल का, देणगीची पावती कोण देणार, हे सगळे विचारा. चांगल्या संस्थेला अशा प्रश्नांचा राग येत नाही. उलट पावतीपुस्तके, दानपेट्या, माहितीपत्रके आणि कधीकधी एखादा अनुभवी कार्यकर्ताही तिच्याकडून मिळतो.

मग विचारा, हा निधी नेमका कशावर खर्च होणार? ‘कर्करोगग्रस्तांच्या मदतीसाठी’ एवढ्यावर लोक मान डोलावतात. ‘बाहेरगावाहून उपचाराला येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांची राहण्याची सोय’ म्हटले की ते पुढचा प्रश्न विचारतात, आणि तिथून खरी बोलणी सुरू होते. मात्र एक काळजी घ्या. एका ठरावीक कारणासाठी मागितलेला पैसा दुसरीकडे वळवणे हा विश्वासघात ठरतो, बऱ्याच देशांत गुन्हाही. म्हणून आवाहनात सुरुवातीपासूनच एक वाक्य असू द्या: ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त किंवा कमी जमले तर ते पैसे संस्थेच्या अमुक कामासाठी वापरले जातील.

एकाच रुग्णासाठी निधी गोळा करत असाल तर नियम आणखी कडक ठेवा. रुग्णालयाचा लेखी खर्चअंदाज घ्या, शक्यतो पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरा, आणि उरलेल्या पैशांचे काय करायचे हे कुटुंबाशी आधीच बोलून लिहून ठेवा. हे बोलणे अवघड जाते, पण नंतर ते त्याहून अवघड होते.

मागणे साधे असावे याचे जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. १९३८ साली पोलिओविरुद्धच्या लढ्यासाठी रेडिओ कलाकार एडी कँटर यांनी श्रोत्यांना एवढेच सांगितले, की दहा सेंटचे एक नाणे, म्हणजे डाइम, राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांना व्हाइट हाउसच्या पत्त्यावर पाठवा. रुझवेल्ट यांना स्वतःला तोच आजार झाल्याचे लोकांना माहीत होते. २६ लाख ८० हजार नाणी आली, टपालाची पोती रचायला जागा पुरेना. त्याच चळवळीच्या पैशावर पुढे जोनास सॉल्क यांचे संशोधन उभे राहिले, आणि त्यांची लस सुरक्षित व परिणामकारक असल्याचे १९५५ साली जाहीर झाले. किती द्यायचे आणि कुठे पाठवायचे, हे दोन्ही एका दमात सांगता येत होते. तुमचे आवाहन तसे सांगता येते का, पाहा.

दुसरी पायरी: माणसे

पाच ते सात जणांची समिती पुरते. एक जण सगळ्याची जबाबदारी घेणारा, एक खजिनदार, एक स्वयंसेवक सांभाळणारा, एक परवानग्या आणि सुरक्षेचे पाहणारा, एक देणगीदार आणि प्रायोजकांशी बोलणारा. प्रसिद्धीचे काम यांच्यातलाच कुणी करू शकतो. शक्य असेल तर त्या आजारातून गेलेली किंवा रुग्णाची काळजी घेतलेली एक व्यक्ती समितीत असावीच. कार्यक्रमात काय बोचेल आणि काय भिडेल, हे तिला चटकन कळते.

एक नियम मात्र कुणाच्याही भिडेखातर मोडू नका. खर्चाला मंजुरी देणारा आणि पैसे हातात घेणारा माणूस एकच नसावा. यात कुणावर अविश्वास नाही. उद्या एखाद्याने शंका घेतली तर त्या प्रामाणिक माणसाच्या बचावाला कागद हवा, म्हणून हा नियम.

तिसरी पायरी: अंदाजपत्रक, कार्यक्रम ठरण्याआधी

ही पायरी लोक सर्वांत घाईत उरकतात, म्हणून इथे थोडे थांबू. उदाहरणापुरते चलन कुठलेही धरा.

समजा गाण्याची संध्याकाळ ठेवली. सभागृह, ध्वनिव्यवस्था, छपाई मिळून ठाम खर्च ३०,०००. कितीही माणसे आली तरी तो होणारच. शिवाय अल्पोपाहार वगैरे धरून माणशी खर्च १००, आणि तिकीट २५०. म्हणजे प्रत्येक तिकिटामागे हातात उरतात १५०. ठाम खर्च भरून निघायलाच २०० तिकिटे खपावी लागतील. तीनशे माणसे आली तर जमा ७५,०००, खर्च ६०,०००, संस्थेला १५,०००. देणाऱ्याच्या शंभरातले वीसच योग्य जागी पोचले.

आता तितक्याच ठाम खर्चात चालण्याचा उपक्रम घ्या. प्रवेशशुल्क काहीच नाही. शंभर जण चालणार, आणि प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या दहा जणांकडून प्रत्येकी १०० मिळवायचे. जमा १,००,०००. खर्च ३०,००० अधिक माणशी १०० प्रमाणे १०,०००. संस्थेला ६०,०००, तेही एक तृतीयांश माणसे आलेली असताना. कारण इथे मागणारे शंभर जण आहेत.

या हिशेबातला धोकाही सांगतो. निम्म्या लोकांनी काहीच जमवले नाही तर संस्थेच्या हाती फक्त १०,००० पडतील. म्हणून दोन गोष्टी करा. ठाम खर्च प्रायोजकाकडून किंवा वस्तुरूपाने मिळवा: कुणी जागा देईल, कुणी छपाई करून देईल. तो ३०,००० वाचला तर पडत्या काळातही ४०,००० हाती येतात. आणि सहभागींना मागायला शिकवा. त्याबद्दल पुढे सविस्तर येतेच.

अंदाजपत्रकाचे तीन रकाने करा: चांगले झाले तर, बेताचे झाले तर, पाऊस आला तर. खर्चात दहा टक्के आकस्मिक म्हणून बाजूला ठेवा. तिसऱ्या रकान्यात संस्थेलाच पदरचे घालावे लागणार असेल तर तो कार्यक्रम सोडा, कितीही आवडता असला तरी.

चौथी पायरी: कार्यक्रमाचा प्रकार

तुमच्या भोवतीची माणसे मुळात काय आवडीने करतात, त्यावरूनच प्रकार ठरवा. १९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या टकोमा शहरात गॉर्डन क्लॅट नावाचे शल्यचिकित्सक कर्करोगाच्या कामासाठी एका धावपट्टीवर २४ तास धावत आणि चालत राहिले. ८३ मैल झाले. मित्रांनी २५ डॉलर देऊन त्यांच्यासोबत अर्धा अर्धा तास पावले टाकली, आणि २७,००० डॉलर जमले. डॉक्टरांना धावायची आवड होती, मित्रांना अर्ध्या तासाची सोबत जमण्यासारखी होती. पुढे संघांनी आळीपाळीने रात्रभर चालण्याचा ‘रिले फॉर लाइफ’ हा उपक्रम यातूनच उभा राहिला. मेलबर्नमध्ये २००३ साली तीस मित्रांनी महिनाभर मिशा वाढवल्या तेव्हा निधी जमवण्याचा विचारही नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी त्याला पुरुषांच्या आरोग्याची जोड दिली आणि ‘मोव्हेंबर’ हा मिशा वाढवून निधी जमवण्याचा वार्षिक उपक्रम उभा राहिला.

चालणे, सायकल, वस्तूंची विक्री, प्रश्नमंजूषा, वाचन, खेळांचे सामने, लिलाव, काहीही चालेल. कसोटी दोनच: खर्च कमी आहे का, आणि सहभागी माणसाला इतरांकडे मागायला सहज निमित्त मिळते का? सोडत काढायची असेल तर आधी कायदा पाहा. अनेक देशांत तिला जुगाराचे नियम लागू होतात.

आरोग्याचे काम असल्यामुळे एक गोष्ट जास्तीची. फुप्फुसांच्या आजारासाठी तंबाखूच्या पैशावर कार्यक्रम करू नका. मधुमेहाच्या निधीसाठी गोड पेयांचे दालन लावू नका. प्रायोजक चालून आल्यावर नकार देणे जड जाते, म्हणून कोणाचे पैसे घेणार नाही याची यादी पहिल्या बैठकीतच लिहून टाका.

पाचवी पायरी: तारीख

लहान कार्यक्रमाला बारा आठवडे, रस्त्यावरच्या मोठ्या उपक्रमाला सहा महिने तरी द्या. जागतिक कर्करोग दिन ४ फेब्रुवारीला, क्षयरोग दिन २४ मार्चला, थॅलेसेमिया दिन ८ मे रोजी, रक्तदाता दिन १४ जूनला, हृदय दिन २९ सप्टेंबरला, मधुमेह दिन १४ नोव्हेंबरला, एड्स दिन १ डिसेंबरला असतो. त्या दिवशी वर्तमानपत्रे विषय शोधत असतात, हा फायदा. पण मोठ्या संस्थांची आवाहनेही त्याच दिवशी येतात. माझे मत विचाराल तर दिवसाच्या आठवडाभर आधी कार्यक्रम करा आणि जमलेली रक्कम त्या दिवशी जाहीर करा.

सहावी पायरी: परवानग्या आणि सुरक्षितता

जागेची, गर्दीची, रस्त्याची, ध्वनिक्षेपकाची आणि खाद्यपदार्थांची परवानगी कोणाकडून लागते, हे स्थानिक कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. सार्वजनिक दायित्वाचा विमा मिळत असेल तर काढा. प्रथमोपचाराचे पथक, रुग्णवाहिकेला मोकळा रस्ता, जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक, हृदय बंद पडल्यास वापरायचे एईडी यंत्र कुठे आहे त्याची माहिती, हे सगळे एका कागदावर लिहून प्रत्येक स्वयंसेवकाच्या खिशात द्या.

तुमच्या कार्यक्रमाला आजारी, नुकतेच बरे झालेले आणि थकलेले लोक येणार आहेत, हे विसरू नका. बसायला खुर्च्या, सावली, जवळ स्वच्छतागृह, चाकाच्या खुर्चीसाठी उतार. केमोथेरपी चालू असलेल्यांची प्रतिकारशक्ती कमी झालेली असू शकते, त्यांना गर्दीपासून दूर बसायची जागा ठेवा. चालण्याच्या मार्गात मध्येच सोडून परत येण्याची सोय हवी. एक किलोमीटर चालून थांबलेल्या माणसाचेही तितक्याच टाळ्यांनी स्वागत करा.

मोफत तपासणीबद्दल थोडे बोलायलाच हवे, कारण ती भरीला ठेवण्याचा मोह प्रत्येक समितीला होतो. रक्तातली साखर किंवा रक्तदाब मोजणे सोपे. पण आकडा फार जास्त आला तर त्या माणसाला बाजूला घेऊन समजावणार कोण? तो पुढे कुठल्या डॉक्टरकडे जाणार? त्याचा आकडा लिहिलेला कागद टेबलावर उघडा पडून राहणार का? या तिन्हींची उत्तरे देणारी प्रशिक्षित माणसे असतील तरच तपासणी ठेवा. नाहीतर घाबरलेला माणूस घरी जातो आणि त्याच्यामागे कुणीच नसते.

सातवी पायरी: मागणे

आता मुख्य काम. प्रत्येक सहभागीला कागद-पेन घेऊन बसवा आणि वीस नावे लिहायला सांगा. नातेवाईक, मित्र, कामावरचे सोबती, शेजारी. नावापुढे अंदाजे रक्कम. यादीतले पहिले तीन जण अगदी जवळचे असू द्या, कारण शून्यावर असलेल्या यादीत पहिली देणगी द्यायला लोक कचरतात, आणि आधीच्या देणग्या पाहून आपली रक्कम ठरवतात. त्याहून आधी स्वतःची देणगी टाका. आपण दिलेले असले की मागताना आवाज वेगळा लागतो.

गटात एकच निरोप टाकून मोकळे होऊ नका. शंभर जणांना मिळून पाठवलेला निरोप प्रत्येकाला दुसऱ्या कुणासाठी तरी आहे असे वाटते. भेटून किंवा फोनवर बोला. ते शक्य नसेल तर नाव घालून वेगळे लिहा. असे काहीतरी:

‘सुनीता मावशी, येत्या रविवारी मी डायलिसिसच्या रुग्णांसाठी दहा किलोमीटर चालणार आहे. आबांना आठवड्यातून तीनदा न्यावे लागायचे, ते तू पाहिलेच आहेस. त्या केंद्रात येणाऱ्या रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी हे पैसे आहेत. मी स्वतः ५०० दिले आहेत. तू ५०० देशील का? जमेल तेवढे दिलेस तरी चालेल, आणि या वेळी नाही जमले तरी काही वाटून घेऊ नकोस.’

यात कारण आहे, आपले नाते आहे, रक्कम आहे, आणि नाही म्हणायची मोकळीक आहे. रक्कम सांगायला संकोच वाटतो, पण ‘यथाशक्ती’ म्हटले की देणाराच गोंधळतो. विचारून झाल्यावर गप्प राहा. समोरच्याला विचार करायला वेळ लागतो आणि त्या शांततेत आपणच ‘राहू दे, नंतर बघू’ म्हणून मोकळे होतो. आठवडाभराने एकदा आठवण करा, त्यानंतर नाही.

टेरी फॉक्सची गोष्ट प्रत्येक स्वयंसेवकाला सांगावी अशी आहे. कर्करोगाने उजवा पाय गेलेला हा कॅनडाचा तरुण १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्सहून देश ओलांडायला कृत्रिम पायावर धावत निघाला. रोज जवळजवळ मॅरेथॉनएवढे अंतर. प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर, एवढेच त्याचे मागणे होते. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटरनंतर थंडर बेजवळ त्याला थांबावे लागले, कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २.४ कोटी डॉलरवर गेला, देशाच्या लोकसंख्येइतका. त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला, वयाच्या २२ व्या वर्षी. त्याच्या नावाने दरवर्षी होणाऱ्या दौडीत आजही कुणाचा पहिला-दुसरा क्रमांक काढत नाहीत.

रुग्णाची हकीगत सांगायची असेल तर त्याची लेखी संमती घ्या, लिहिलेले त्याला आधी वाचून दाखवा, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीही ‘नको’ म्हणता येईल हे स्पष्ट सांगा. लहान मुलांच्या बाबतीत पालकांबरोबर मुलालाही विचारा. कीव येईल असे फोटो नकोत. आणि ‘तुमच्या देणगीने हा आजार बरा होईल’ असे कुणालाही म्हणू देऊ नका.

आठवी पायरी: प्रत्यक्ष दिवस

आदल्या दिवशी जागेवर जाऊन प्रवेशापासून बाहेर पडेपर्यंत स्वतः चालून पाहा. स्वयंसेवकांना मिनिटांचा तक्ता द्या. भाषणे कमी ठेवा. ज्याच्यापर्यंत मदत पोचली आहे अशा एका व्यक्तीने तीन मिनिटे बोलावे आणि लगेच त्याच क्षणी देणगीचे आवाहन व्हावे. आवाहनानंतर दुसरा पाहुणा बोलायला उभा राहिला की खिशाकडे गेलेला हात परत येतो.

पैशांची व्यवस्था अशी ठेवा. पावतीपुस्तकांवर अनुक्रमांक असावेत आणि कोणते पुस्तक कोणाकडे दिले त्याची सही घ्यावी. दानपेट्या बंद केलेल्या असाव्यात आणि शेवटी दोन जणांसमोरच उघडाव्यात. कुठल्या नोटा किती, हे लिहून मोजणी करावी, दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि रोकड त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. रोकडीतून खर्च भागवू नका. जमा वेगळी, खर्च वेगळा. क्यूआर कोड छापण्यापूर्वी स्वतः थोडे पैसे पाठवून संस्थेचेच नाव दिसते का ते तपासा, आणि लावलेल्या फलकावर कुणी दुसरा कोड चिकटवला नाही ना, हे दिवसभरात दोन-तीनदा पाहा. मोबाइलचे जाळे बंद पडले तर कागदी पावती तयार हवी.

मंचावरून आकडा जाहीर करायची घाई नको. कबूल केलेली रक्कम आणि आलेली रक्कम यांत फरक असतो. ‘मोजणी चालू आहे, तीन दिवसांत कळवू’ असे सांगा आणि खरोखर तीन दिवसांत कळवा.

नववी पायरी: कार्यक्रमानंतर

दोन दिवसांच्या आत आभार. देणगीदारांचे, प्रायोजकांचे, आणि खुर्च्या उचलणाऱ्या, शेवटपर्यंत थांबलेल्या मुलांचेही. ज्याने मागितले त्यानेच आभार मानावेत. समितीचे छापील पत्र त्यानंतर.

मग बँकेचे विवरण, पावतीपुस्तके आणि खर्चाची बिले ताळ्यात बसवा. एका पानाचा जमाखर्च करा: किती आले, कशावर किती गेले, संस्थेला किती दिले, संस्थेची पोच कोणत्या तारखेची. खर्च जास्त झाला असेल तर तोही तसाच लिहा. हे पान समितीपुरते न ठेवता प्रत्येक देणगीदाराला पाठवा.

तीन-चार महिन्यांनी संस्थेला फोन करून त्या पैशांचे काय झाले ते विचारा आणि देणगीदारांना पुन्हा कळवा. या निरोपात काहीही मागू नका. २०१४ साली लोकांनी डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेत एएलएस या, स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजारासाठी निधी जमवला, तो आठवत असेल. अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला ११.५ कोटी डॉलर मिळाले. त्यातून मदत झालेल्या संशोधनात या आजाराशी संबंधित एनईके१ हे जनुक सापडल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले, आणि बादली ओतून घेतलेल्यांपर्यंत ती बातमी पोचली. तुमच्या निरोपात जनुक नसेल. ‘मार्चपासून अकरा रुग्णांचा प्रवासखर्च दिला’ एवढे असेल, तेही पुष्कळ आहे.

शेवटी समिती एकदा बसवा. देणगीदारांची यादी, दरपत्रके, परवानग्यांच्या प्रती, काय चुकले त्याच्या नोंदी, सगळे एका फाइलमध्ये लावा. लोकांचे क्रमांक आणि आजाराची माहिती त्यात असेल तर ती कोण पाहू शकेल हे ठरवा, आणि ज्याची गरज नाही ते नष्ट करा. फाइल पुढच्या वर्षीच्या माणसाच्या हाती द्या आणि त्याच्याबरोबर बसून पहिल्या वीस नावांची यादी लिहायला घ्या.